एकशे सत्त्याऐंशी पॅकेजांची हर्षा

हर्षा धकाते आमच्या पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर लॅबची सहायक आहे. नेमणुकीच्या कागदावर तिचं काम असं लिहिलंय: यंत्रे सुस्थितीत ठेवणे, विद्यार्थ्यांची हजेरी घेणे व वरिष्ठ सांगतील ते. शिक्षण बारावी आणि आयटीआयचा कोपा ट्रेड, म्हणजे कॉम्प्युटर चालवायला शिकवणारा एक वर्षाचा कोर्स. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. नागपूरच्या उमरेड रोडवरच्या त्या इमारतीत आम्हा दोघींची दारं समोरासमोर आहेत आणि गेली सोळा वर्षं आम्ही डबा एकत्र खातो. मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. तरी गेल्या वर्षी एप्रिल ते जून तिने जे केलं, ते मी समोर बसून पाहिलं. ती स्वतः काही लिहायची नाही, म्हणून मी लिहिते आहे.

तिचं घर टिमकीतलं. वडील बाबूलाल हातमागावर लुगडी विणत. माग बंद पडल्यावर ते इतवारीत एका कापड दुकानात गठ्ठे उचलायला लागले. तीन बहिणींत हर्षा मधली. ती लॅबला लागली तेव्हा तिथे तीस कॉम्प्युटर होते आणि त्यातले अठरा व्हायरसने बंद. कुणा मास्तराच्या कपाटात लिनक्सची एक सीडी पडली होती. हर्षाने ती एका मेलेल्या मशीनमध्ये घातली आणि मशीन उठलं. महिनाभरात तिने अठराच्या अठरा उठवले. तेव्हापासून ती त्या दुनियेतली झाली.

ही दुनिया काय आहे ते मला समजलं तसं सांगते. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, आणि ती कुणा एका कंपनीची नाही. जगभरातले लोक प्रोग्राम लिहितात आणि मोकळे सोडून देतात. पण लिहिलेला प्रोग्राम तसाच चालत नाही, तो आधी बांधावा लागतो. बांधून, तपासून, गाठोडं करून ठेवलेल्या प्रोग्रामला पॅकेज म्हणतात, आणि अशी हजारो पॅकेजं एकमेकांशी जुळवून लोकांच्या हाती देणारी जी मंडळी असते तिला डिस्ट्रिब्यूशन. हर्षा अशाच एका डिस्ट्रिब्यूशनमध्ये काम करते. नाव लिहू नका म्हणाली, म्हणून लिहीत नाही. तिथले सगळे बिनपगारी, वेगवेगळ्या देशांतले. प्रत्येक पॅकेजाला एक सांभाळणारा असतो आणि त्याचं नाव पॅकेजावर असतं. हर्षाकडे सहा होती: देवनागरीचे काही फॉन्ट आणि मराठी कीबोर्ड.

या कीबोर्डमुळेच संघपाल सर आमच्या ओळखीचे झाले. आठ-नऊ वर्षांपूर्वी लायब्ररीतला फोन वाजला, मी उचलला. "तुमच्याकडे हर्षा धकाते काम करतात का? त्यांच्या कीबोर्डावर 'दऱ्या' लिहिता येत नाही. 'दर्या' होते." संघपाल रामटेके पारशिवनीच्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांची दृष्टी कॉलेजच्या वयात गेली. कॉम्प्युटर त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि त्यावर ते मुलांचे निबंध तपासतात. हर्षाने दोन दिवसांत 'दऱ्या'ची चूक दुरुस्त करून दिली. पुढे संघपाल सर तिला दर महिन्याला एखादी तरी चूक काढून देऊ लागले आणि ती दुरुस्त करू लागली.

गेल्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हर्षा डबा न उघडताच बसून राहिली होती.

"काय झालं वं?"

"यादी आली ताई. मारायची यादी."

झालं असं होतं. प्रोग्राम बांधायचं काम एक साधन करतं. प्रोग्रामसोबत सूचनांची एक फाइल असते; ती वाचून ते साधन तुकडे जोडतं. त्या साधनाची नवी आवृत्ती आली होती आणि तिने जाहीर केलं होतं की फार जुन्या पद्धतीने लिहिलेल्या सूचना आता वाचणार नाही. डिस्ट्रिब्यूशनने नवी आवृत्ती घेतली आणि चारशेवर पॅकेजं बांधलीच जाईनात. ज्यांना सांभाळणारं कुणी होतं, त्यांचं ते ते बघणार होते. पण एकशे सत्त्याऐंशी पॅकेजांवर कुणाचंच नाव नव्हतं. सांभाळणारे कधीच सोडून गेलेले, काही तर मेलेले. ती सगळी ३० जूनला काढून टाकायची, असा निर्णय होता. निर्णय घेणारा इवो नावाचा माणूस, बाल्टिक समुद्राकडच्या कुठल्याशा देशातला. डिस्ट्रिब्यूशनची नवी आवृत्ती केव्हा, काय काय घेऊन बाहेर पडणार, हे ठरवायचं काम त्याचं.

यादीत चौऱ्याण्णवाव्या नंबरावर संघपाल सरांचा वाचणारा आवाज होता.

"मग तो एक तू घे ना आपल्या नावावर," मी म्हटलं.

"अन् बाकीचे?"

"बाकीच्यांचं तुले काय करायचं आहे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच बोलणं लागलं. "त्या एकाले कोणी ओळखते म्हणून तो वाचला ताई. बाकीचे काहून मरावे? त्यांचेबी कुठं तरी संघपाल सर असतील. त्यांनं फोन केला नाही इतकंच."

पुढचे दहा दिवस ती त्या मंडळींचे नियम वाचत होती. मोठं इंग्रजी तिला जड जातं. अडलेला शब्द कागदावर लिहून ती माझ्या टेबलाशी यायची आणि मी डिक्शनरी काढायची. एक नियम तिने मला तीनदा वाचून दाखवायला लावला. अनाथ पॅकेज कुणीही सभासद आपल्या नावावर घेऊ शकतो, आणि ज्यावर नाव आहे ते पॅकेज सांभाळणाऱ्याला संधी दिल्याशिवाय काढता येत नाही. किती घ्यावीत याला मर्यादा लिहिलेली नव्हती.

सतरा एप्रिलला प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. मुलं पेपर लिहीत असताना हर्षाने मागच्या मशीनवर बसून एकशे सत्त्याऐंशी पॅकेजांवर एकामागून एक आपलं नाव घातलं. चारच्या सुमारास माझ्याकडे आली आणि माठातलं पाणी दोन ग्लास प्यायली.

"घेतले."

"किती?"

"सारे."

इवोचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. अगदी सभ्य. त्याचा अर्थ असा होता की, बाई, तुमची भावना समजते, पण एकशे सत्त्याऐंशी पॅकेजं एक माणूस सांभाळू शकत नाही. यादीची अडवणूक करू नका. हर्षाचं इंग्रजी तोडकं, त्यामुळे तिची वाक्यं लहान असतात. लहान वाक्यं आपोआपच ठाम होतात. तिने लिहिलं: "माझं नाव आहे. नियम आहे. ३० जूनला बघा."

चहा पिताना ही हकिगत तिने घरी सांगितली, तर तिचा नवरा भूपेश म्हणाला, "तू त्या लोकाइले ओळखत नाही, ते तुले ओळखत नाही, भांडण मात्र घरच्यासारखं करून राहिली." भूपेश एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. पण त्यानेच माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवून तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लावून दिला.

आता यात एक सोपी वाट होती, आणि हर्षाने आधी तीच धरली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ती स्वतःही ते लपवत नाही. नव्या साधनाला एका ओळीत सांगता येतं: या सूचना जुन्या दिसतात, पण तू कुरकुर न करता नव्या नियमांनी वाच. ती ओळ घातली की बहुतेक पॅकेजं गपचूप बांधली जातात. हर्षाने ती ओळ एकशे सत्त्याऐंशी जागी घातली. आठ दिवसांत एकशे एक्कावन्न पास झाली. जे तिला हसले होते त्यांचीच अभिनंदनाची पत्रं आली. इवोनेही लिहिलं, मी चूक होतो, छान काम. तो दिवस हर्षाने बालूशाही वाटून साजरा केला. शिपायापासून सगळ्यांना वाटली. कशाची ते कुणाला समजलं नाही.

बारा मेला संघपाल सरांचा फोन आला. नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी ते ती तपासायला म्हणून आपल्या मशीनवर घेतात. कॉलेजला सुट्टी लागली होती, पण आम्हा दोघींना यावं लागायचं. फोन स्पीकरवर होता.

"हर्षा मॅडम, तुमचं यंत्र 'काळ'ले 'काल' म्हणून राहिलं."

"आवाज नीट येत नसंल सर."

"आवाज उत्तम आहे. 'ळ' नाही."

तिने आपल्या मशीनवर पाहिलं. तपासणीच्या सगळ्या खुणा हिरव्या होत्या. पण तिच्या मशीनवर जुनाच आवाज होता. नवा बसवून ऐकावा असं तिला वाटलंच नव्हतं. पॅकेज पास झालं होतं, एवढं तिला पुरलं होतं. तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "मी तिकडं जाते. त्यांच्याच मशीनवर पाहते."

रविवारी आम्ही दोघी गणेशपेठच्या स्टँडवरून पारशिवनीच्या गाडीत बसलो. ऊन असं की खिडकीची दांडी हाताला चटका द्यायची. संघपाल सरांचं घर शाळेच्या मागेच आहे. त्यांच्या बायकोने पन्हं दिलं. सरांनी कॉम्प्युटर चालू केला आणि न अडखळता एक वाक्य टाइप केलं: बाळ कमळाच्या तळ्याजवळ खेळत होते.

यंत्र स्वच्छ आवाजात म्हणालं, "बाल कमलाच्या तल्याजवल खेलत होते."

मला हसू आलं. संघपाल सरांना ते ऐकू गेलं.

"हसू नका ताई," ते शांतपणे म्हणाले. "पोरं निबंध लिहितात. माझे एक सहकारी ते टाइप करून देतात, जसेच्या तसे, चुका धरून. पोरानं 'काल' लिहिलं का 'काळ', हे मले हेच यंत्र सांगते. सुट्टी लागायच्या आधी मी एका पोरीले बोललो, तुले 'ळ' येत नाही काय म्हणून. ती रडली. तिचं बरोबर होतं."

"फोनमधी दुसरा आवाज असते ना सर?" मी विचारलं.

"असते. पण तो पूर्ण वाक्य गुळगुळीत वाचते. मले एक-एक अक्षर थांबून ऐका लागते. ते यातच होते."

हर्षा तोवर खुर्चीवर बसलीही होती. दीड-दोन तास तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "सापडलं." आणि आम्हा दोघांना समजेल असं सांगायचा तिने प्रयत्न केला. सूचनांत माहिती ठेवायचे डबे असतात, प्रत्येकाला एक नाव. जुन्या साधनाला एक खोड होती. अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्दसुद्धा एखाद्या डब्याचं नाव निघाला, तर ते डबा उघडून आतलं घ्यायचं. नवं साधन म्हणतं, अवतरणात आहे ना, मग शब्द म्हणजे शब्द. नवंच खरं तर जास्त शहाणं. पण हा प्रोग्राम लिहिणारा माणूस वीस वर्षांपूर्वी त्या जुन्या खोडीवर विसंबून सूचना लिहून गेला होता: मराठीच्या डब्यात काही असेल, तर मराठी उच्चारांचे नियम जोड. नव्याने डबा उघडलाच नाही. मराठीचे नियम जोडले गेले नाहीत आणि त्यांच्या जागी हिंदीचे आले. हिंदीला 'ळ' लागतच नाही. कुठे काही तुटलं नाही, म्हणून कुणी ओरडलंही नाही.

"ते एक ओळ मी टाकली ना," हर्षा म्हणाली, "तिनंच हे झालं. जुन्याले नव्या नियमानं वाच म्हणून मीच सांगितलं होतं."

तिने तिथेच सूचना नीट लिहिल्या आणि पुन्हा बांधलं. यंत्र म्हणालं, "बाळ कमळाच्या तळ्याजवळ खेळत होते." संघपाल सर म्हणाले, "बस. आता हे असंच राहू द्या." मला वाटलं, काम झालं.

परतीच्या गाडीत हर्षा म्हणाली, "एकशे एक्कावन्न आहेत ताई. इथं ऐकणारा माणूस होता म्हणून कळलं."

सोमवारी तिने मंडळींच्या सामायिक पत्रव्यवहारात लिहिलं. त्या पत्राची छापील प्रत माझ्याकडे आहे. "माझी एकशे एक्कावन्न पॅकेजं पास दाखवली आहेत. मी तो पास मागे घेते. ती बांधली जातात. ती बरोबर आहेत की नाहीत, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. ज्यांनी ज्यांनी ती ओळ वापरली आहे, त्यांनी आपापली पॅकेजं तपासावीत."

आणि मग जी आग लागली!

तोवर सगळ्यांनीच ती ओळ वापरलेली होती. ज्या पॅकेजांवर मोठमोठ्या माणसांची नावं होती, त्यांनीसुद्धा. इवोने लिहिलं, आता मागे जाता येणार नाही. बांधलं जातंय तेवढं पुरे. चुका सापडतील तशा दुरुस्त करू. हर्षाने लिहिलं, "ज्याला ऐकू येतं, तो चूक सांगेल. ज्याला माहीतच नाही, तो चुकीचं वापरेल. मी पास म्हणत नाही." इवो म्हणाला, मग ३० जूनला तुमची सगळी निघतील. हर्षा म्हणाली, "३० जून अजून आलेला नाही."

एका गृहस्थाने सगळ्यांसमोर विचारलं की, आम्हाला कामाला लावणाऱ्या या बाई कोण, कुठल्या कंपनीत इंजिनियर आहेत? ते पत्र वाचून मला राग आला. मी म्हटलं, "लिही की सोळा वर्षांचा अनुभव आहे."

"काहून? जे आहे ते लिहीन." तिने लिहिलं: "इंजिनियर नाही. लॅब असिस्टंट. पॉलिटेक्निक, नागपूर. आयटीआय, कोपा ट्रेड. तुमचं पॅकेज तपासलं का?"



तपासायचं कसं, हे तिच्या डोक्यात होतं. प्रत्येक पॅकेज एकदा जुन्या साधनाने बांधायचं, एकदा नव्याने, आणि दोन्ही गाठोडी उघडून आतली प्रत्येक फाइल एकमेकींशी ताडायची. फरक निघाला तरच माणसाने बघायचं. पण स्वयंपाकघरातल्या एका मशीनला त्यासाठी दिवाळीपर्यंत वेळ लागला असता. लॅबमध्ये मात्र तीस मशीन सुट्टीत नुसती बसून होती. बांधणीला लागतील म्हणून एप्रिलमध्येच तिने विभागप्रमुख कृष्णकांत सरांना अर्ज दिला होता: लॅबमधील प्रणालीच्या तपासणीसाठी सुट्टीत यंत्रे वापरण्याची परवानगी मिळावी. अर्ज त्यांच्या ट्रेमध्ये पडून होता. हर्षाने पोच घेतलेली प्रत फाइलला लावली आणि मशीन चालू केली. पंधरांवर जुनं साधन, पंधरांवर नवं.

चौथ्या दिवशी कृष्णकांत सर आले. लॅबमध्ये तीस पंखे घोंघावत होते आणि दारापर्यंत गरम हवा येत होती.

"हे काय चाललं आहे?"

"तपासणी सर. अर्ज दिला होता."

"मी परवानगी दिली?"

"नाही म्हटलं नव्हतं सर."

"हे बघा धकाते मॅडम, तुमचं काम मशीन पुसणं आणि हजेरी घेणं. हे इंजिनियर लोकांचं काम आहे. बंद करा."

मी माझ्या दारातून सगळं बघत होते. हर्षा उठून उभी राहिली, पण तिने बटणाकडे हात नेला नाही. "बंद करते सर. फक्त लिहून द्या. या तीसही मशीनवर हीच प्रणाली आहे. जुलैत मुलांचे प्रॅक्टिकल याच्यावरच होतात. उद्या ह्याच्यातलं काही चुकीचं चाललं, तर मी तपासून राहिली होती अन् मले थांबवलं, एवढं कागदावर पाहिजे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होते. ते म्हणाले, "प्राचार्यांशी बोलतो," आणि गेले. तो कागद आला नाही. मशीन बंद झाली नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताडणी पूर्ण झाली. एकशे एक्कावन्नपैकी एकशे अठ्ठावीस पॅकेजं दोन्ही बाजूंनी सारखी निघाली. तेविसांत फरक होता. वाचणारा आवाज त्यातलाच एक. एका नकाशाच्या प्रोग्राममधून अर्ध्या प्रकारच्या फाइली उघडायची सोयच गळाली होती. एकात मदतीची पानं नव्हती. जमिनीची मोजणी करणारा एक प्रोग्राम बरोबर चालत होता, पण दहापट हळू. सगळे पास, सगळे हिरवे.

हर्षाने तेविसांची यादी आणि ताडायची रीत, दोन्ही सगळ्यांपुढे ठेवली. काही सांभाळणाऱ्यांनी आपापली पॅकेजं त्या रीतीने तपासली. त्यांच्याकडेही निघाले. कुणी कबूल केलं, कुणी गुपचूप दुरुस्त केलं. कंपनी विचारणाऱ्या गृहस्थांच्या पॅकेजात दोन फरक होते. त्यांनी लिहिलं, "तपासलं. धन्यवाद." हर्षाने ते पत्र मला दाखवलं नाही, मला दुसरं काही शोधताना ते दिसलं.

उरलेला जून तिने कसा काढला, ते तिलाच माहीत. तेवीस दुरुस्त करायचे होते आणि आधीपासून बांधलेच न जाणारे छत्तीस. दर पॅकेजाची सूचनांची फाइल वाचायची, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते ओळखायचं आणि ते नव्या पद्धतीने लिहायचं. दर दुपारी ती माझ्या कुलरसमोर येऊन बसायची आणि कालचं गाऱ्हाणं सांगायची. एका माणसाने सूचनांत आपल्या मुलीच्या वाढदिवसाची नोंद करून ठेवली होती. दुसऱ्याने शेवटी लिहिलं होतं की हे का चालतं ते मलाही समजलेलं नाही, हात लावू नका. हर्षाने हात लावला आणि तीन दिवस गेले.

सगळी वाचली नाहीत. अकरा पॅकेजं तिने स्वतःच काढली. ती खरोखर मेलेली होती. ज्या यंत्रांसाठी लिहिली ती यंत्रंच आता कुठे नाहीत. मी म्हटलं, "तूच म्हणत होती ना, काहून मरावे म्हणून?" ती म्हणाली, "पाहून मारणं अन् न पाहता मारणं, फरक आहे ताई." चार तिला जमली नाहीत. ३० जूनला इवोने ती चार काढली, आणि तसं तिला आधी कळवून काढली. बाकी एकशे बहात्तर नव्या आवृत्तीत गेली.

इवोने माफी मागितली नाही. पण सप्टेंबरात मंडळींच्या नियमांत एक नवी ओळ आली: ती एका ओळीची युक्ती वापरली, तर जुन्या-नव्या गाठोड्यांची ताडणी जोडल्याशिवाय पास मिळणार नाही. सोबत त्याने हर्षाला विचारलं की, काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवणाऱ्या गटात तुम्ही याल का? हर्षाने दोन दिवस विचार केला आणि होकार लिहिला. त्याच पत्रात पुढे लिहिलं की, कुणाचं नाव नसलेलं पॅकेज काढायच्या आधी त्याच्या वापरणाऱ्यांना कळेल अशी नोटीस त्यांच्या पडद्यावर द्यावी, निव्वळ आपल्या पत्रव्यवहारात नाही. यावर ते लोक अजून वाद घालताहेत. हर्षाही घालते आहे.

यंदा मार्चमध्ये कॉलेजात स्वयंमूल्यमापनाचे फॉर्म भरायचे होते. 'वर्षभरातील विशेष कार्य' या रकान्यात दरवर्षी हर्षा 'निरंक' लिहायची. या वेळी तिने लिहिलं: एकशे बहात्तर पॅकेजेसचे नव्या बिल्ड टूलसाठी दुरुस्तीकरण. ऑफिसने फॉर्म परत पाठवला. शेरा होता, 'पदाशी संबंधित नाही'. तिने तेच वाक्य पुन्हा लिहून फॉर्म पुन्हा दिला. तो परत आला. तिसऱ्यांदा तिने त्याच ओळीच्या खाली आणखी एक ओळ घातली, 'संबंध नसल्यास कोणत्या पदाशी आहे ते कळवावे', आणि पोच घेतली.

या वेळी फॉर्म परत आला नाही. मी ऑफिसात जाऊन पाहिलं. तिच्या फाइलला लावलेला आहे.